कॉलमनचं दार

चिडू नकोस, बन्सीधर. तू सायकलीचा पंप मागायला आलास, बाहेरून हाक मारलीस, मी ओ दिली नाही. दुसरी मारलीस, तरी गप्प. तिसरीला म्हटलं, ये आत. आता तोंड फुगवून बसलायस की मामा बहिरा झाला म्हणून. मामा बहिरा नाही बाबा. उभी हयात मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून पुढच्या इंजिनाची शिट्टी ओळखलेला गार्ड आहे मी, कान शाबूत आहेत माझे. पण अंधार पडल्यावर तिसऱ्या हाकेशिवाय मी ओ देत नाही, आणि का देत नाही ते आज तुला आणि तुझ्या ह्या दोस्तांना सांगूनच टाकतो. लाइट काय लवकर येत नाही. पंप कुठं पळून चालला नाही. बसा.

तू तेवढा दाराला टेकू नको रे. हां, तूच. इकडं सरक, भिंतीला टेक. का ते कळेल मागून.

गोष्ट आहे रंगनाथची. परवा विद्यापीठाचं नामांतर झालं तेव्हा पेढे घेऊन आला होता ना एक चष्मेवाला सर, नांदेडच्या कॉलेजातला, तोच. तुमी दोन-दोन पेढे हाणलेत त्याचे. त्यानं स्वतःच्या तोंडानं मला सांगितलेली आहे, आणि अर्धी तर मी डोळ्यांनी बघितलेली आहे. त्याचं क्वार्टर आणि माझं क्वार्टर भिंतीला भिंत होतं. तेव्हा कुणाला हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं.

रंगनाथचा बाप आश्रुबा इथं पूर्णेच्या लोको शेडात कॉलमन होता. तेव्हा कोळशाची इंजिनं. ड्रायव्हर, फायरमन, आमी गार्ड लोक, कुणाच्याच ड्यूटीला धड वेळ नसायची. मालगाडी आली की आली. मग शेडातला बाबू ज्याची पाळी असेल त्याचं नाव द्यायचा, आणि कॉलमननं कंदील-काठी घेऊन त्याच्या घरी जायचं, त्याला झोपेतून उठवायचं. हेच काम. रात्रभर दुसऱ्यांची झोप मोडायची आणि दिवसा आपण झोपायचं. आश्रुबाच्या घरात दिवसाच रात असायची. चांगुणाबाई, त्याची बायको, भर दुपारी दारात बसून राहायची, भांडीवालीला हातानं गप करायची, पोरांना गल्लीतून हाकलायची. रंगनाथ लहानपणी कुजबुजतच बोलायचा. शाळेत मास्तर म्हणायचे, जरा मोठ्यानं बोल की रे, इथं कुणी झोपलेलं नाही.

कॉलमनच्या काठीला मुसळासारखी लोखंडी शेंबी असायची. दारावर एक ठोका, एक हाक. मग थांबायचं. परत ठोका, परत हाक. असं तीनदा. आतला माणूस पहिल्याच ठोक्याला जागा व्हायचा, पण ओ द्यायचा तिसऱ्या हाकेला. आमच्या आधीच्या लोकांपासून चालत आलेली क्वार्टरांची रीतच होती ती. रात्रीची हाक माणसाची आहे का आणखी कशाची, हे पहिल्या हाकेला कळत नाही. माणूस तीनदा बोलावतो. दुसरं जे असतं, त्याच्यात तिसऱ्या हाकेचा दम नसतो म्हणायचे. आमच्या सगळ्यांच्या दारांवर त्या शेंबीच्या खळ्या पडलेल्या, देवीच्या वणासारख्या. एकट्या आश्रुबाचं दार गुळगुळीत. कॉलमनला उठवायला कोण येणार?

आश्रुबा स्वतः भूतबीत मानत नव्हता. दीक्षा घेतली तेव्हाच ते ओझं उतरवलं म्हणायचा. तीन हाका मारायचा त्या लोकांची रीत म्हणून. चांगुणाबाई मात्र घरात ती रीत कडक पाळायची, आणि तिचं कारण भुताचं नव्हतं. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराचा ठराव झाला, त्या पावसाळ्यात ती पोराला घेऊन गावाकडं दिराच्या घरी गेली होती, खुरपणीला. गावाचं नाव घेत नाही. रात्री बाहेरून दिराला हाक आली. "पिराजी." एकच. आवाज ओळखीचा, पिराजी ज्यांच्याकडं सालगडी होता त्या घरातला. पिराजी म्हणाला, आलो मालक, आणि कडी काढली. पुढचं मी सांगत नाही. वस्ती पहाटेपर्यंत जळत होती. तिथं भुतं आली नव्हती, माणसं आली होती, नावानिशी ओळखीची. चांगुणाबाई मागल्या अंगणात कडब्याआड पोराचं तोंड दाबून बसली, म्हणून रंगनाथ वाचला. दहावीत होता तेव्हा.

तर हा पोरगा शिकत शिकत औरंगाबादला गेला. विद्यापीठाचं नाव तेव्हा माणूस बघून घ्यावं लागायचं. आश्रुबा नवंच घ्यायचा, शेडातला बाबू जुनंच घ्यायचा, आणि दोघं एकमेकांना चहा पाजायचे. रंगनाथ एम. एस्सी. झाला आणि आणखी पुढं शिकायला लागला. कशावर? तर झोपेवर. हसा, आमी पण हसलो होतो. एक फायरमन म्हणाला, त्यात शिकायचं काय, आमच्या सासऱ्याला नेऊन बसवा प्रोफेसर म्हणून. पण रंगनाथ समजावून सांगायला लागला की गप बसून ऐकावं लागायचं. माणसाच्या अंगात घड्याळ असतं म्हणायचा. सूर्य दिसो ना दिसो, ते आपल्या चालीनं चालतं. पहाटेच्या आधी अंग सगळ्यात गार पडतं, आणि त्या वख्ताला माणसाला उठवलं तर देह उठतो, डोकं मागं राहतं. माणूस चालतो, बोलतो, दिवा लावतो, आणि त्यातलं त्याला काही आठवत नाही.

"काका," मला विचारलं त्यानं, "ड्रायव्हरला झोपेतून काढून तुमी इंजिनावर बसवता. पहिल्या सिग्नलपाशी त्याचं डोकं पोचलेलं असतं का?"

आदल्याच वर्षी एका ड्रायव्हरनं लाल सिग्नल ओलांडला होता आणि त्याचा फायरमन गेला होता. बिचारा शेवटपर्यंत म्हणत होता, मला सिग्नल दिसलाच नाही, डोळे तर उघडे होते.

रंगनाथच्या सरांनी त्याला सांगितलं, लोकांना रात्री-बेरात्री उठवायचा धंदा तुझ्या घरातच आहे, तिथंच जाऊन काम कर. एक स्टॉपवॉच दिलं, दोन थर्मामीटर दिली. प्रबंध उन्हाळ्याच्या आत द्यायचा होता, नाहीतर शिष्यवृत्ती बंद. वस्तीतलं एवढं शिकलेलं ते पहिलं पोर. आश्रुबाला तर आभाळ ठेंगणं झालं होतं. "माझी जिंदगी लोकायची झोप मोडण्यात गेली," सगळ्यांना सांगत फिरायचा, "अन् पोरगं झोपीवर शिकायलंय."

अडचण आली ती तीन हाकांची. हाक मारल्यापासून माणूस ओ देईपर्यंत किती वेळ जातो, ते रंगनाथला मोजायचं होतं. आणि इथं सगळे जागे होऊन मुकाट पडून राहायचे, तिसरीची वाट बघत. मोजणार काय, कपाळ? मग त्यानं तोड काढली. एवढा एक हिवाळा आपण रीत मोडू. बाबा एकच ठोका, एकच हाक मारतील, तुमी लगेच ओ द्या. आश्रुबानं एका पायावर होकार दिला. बाकीचे पण तयार झाले, आपल्या पोराचं काम म्हणून. सगळ्यात आधी तयार झाला नागनाथ ड्रायव्हर. पालमचा गडी, दणकट, तोंडानं फटकळ आणि मनानं लोणी. म्हणाला, भूत आलंच तर त्याला फायरमन करू, नाहीतरी स्टाफ कमी आहे.

चांगुणाबाईनं वाद घातला नाही. पोराला जेवायला वाढलं आणि ताट उचलताना तेवढं म्हणाली, "येका हाकेची सवय लावू नको रंगा लोकायला. लागली का सुटत न्हाई."

सवय लागली. थोड्याच दिवसांत सगळे असे तयार झाले की हाक पुरती व्हायच्या आत ओ यायची. मला पण लागली, खोटं कशाला बोलू. रंगनाथ कधी ह्याच्या, कधी त्याच्या खाटेशेजारी स्टॉपवॉच घेऊन बसायचा. उठल्या उठल्या तोंडात थर्मामीटर, मग ठरलेले सवाल, नाव काय, वार कोणता, शंभरातून सात गेले किती. आमी चुकायचो आणि तो आनंदानं लिहून घ्यायचा.

मग ती रात आली. सत्त्याऐंशी सालचा जानेवारी, एकोणतीस तारीख, गुरुवार. पौषातली अमावस्या. नागनाथची बायको पंचफुला बाळंतपणाला माहेरी गेलेली, घरात तो एकटा. रंगनाथ जेवून त्याच्याकडं गेला. थंडी अशी की नळाच्या पाण्यात हात घातला तर बोटं ठणकावीत. नागनाथनं त्याला घोंगडी दिली, चहा पाजला, पोरगं झालं तर नाव तूच ठेव म्हणाला, आणि पडल्या पडल्या घोरायला लागला. रंगनाथ खुर्चीवर बसला. कंदिलाची वात बारीक केली. शेडातली खडखड हळूहळू कमी झाली, मग बंद झाली. पूर्णा जंक्शन आहे बाबांनो, तिथं रात्रभर काही ना काही वाजत राहतं. त्या रात्री काहीच वाजेना. कुत्रंसुद्धा नाही.

पहाटेच्या आधीचा तो गार वख्त आला.

"नागनाथ..."

बाहेरून. आश्रुबाचा आवाज. बापाचा आवाज पोराला कळणार नाही? 'ना' जरा लांबवायची त्याची ढब, तीच. रंगनाथनं स्टॉपवॉच दाबलं. दाबता दाबता त्याच्या मनात आलं, ठोका कसा नाही पडला? आधी ठोका असतो, मग हाक. पण तेवढ्यात नागनाथ उठून बसला.

"ओ. आलो."

इतक्या लवकर त्या हिवाळ्यात कुणीच उठलं नव्हतं. रंगनाथ खूश झाला. नेहमीसारखं त्यानं नागनाथच्या तोंडात थर्मामीटर दिलं, काढून कंदिलापाशी धरलं. पारा चढला नव्हता. झटकून परत लावलं. पारा होता तिथंच. दुसरं लावलं. तेही तसंच. दोन्ही बिघडली, असं त्यानं धरून चाललं.

मग सवाल. "काका, तुमचं नाव काय?"

नागनाथ त्याच्याकडं बघत होता. डोळे उघडे. बोलला नाही.

"आज वार कोणता?"

...

"काका?"

नागनाथनं आपली पेटी उचलली. दार उघडलं. बाहेर कंदील नव्हता. कुणी नव्हतं. बाबा पुढं गेले असतील, रंगनाथला वाटलं. नागनाथ अंधारात चालू लागला आणि दिसेनासा झाला. मग रंगनाथचं लक्ष खाटेखाली गेलं. बूट तिथंच होते.

हेच ते, तो मनाशी म्हणाला. देह उठला, डोकं मागं राहिलं. इतके दिवस पुस्तकात वाचलेलं आज डोळ्यांसमोर घडलं म्हणून तो हरखला, आणि लिहीत बसला. बूट घेऊन माणसाच्या मागं पळावं, हे त्याला सुचलं नाही. ते त्याच्या जिवाला अजून डाचतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. दारावर ठोका पडला. शेंबीचा, खणखणीत.

"नागनाथ ड्रायव्हर, कॉल आलाय."

रंगनाथनं दार उघडलं. बाहेर आश्रुबा. हातात कंदील, डोक्याला मफलर, तोंडातून वाफ.

"उठला का न्हाई नागनाथ?"

"बाबा... तुमी मघाशीच बोलावून नेलं की त्यांना."

आश्रुबा पोराकडं बघत राहिला. "मी आत्ता निघालो शेडातून. हिंगोलीची मालगाडी आत्ता लागली, तवा बाबूनं नाव दिलं."

आश्रुबानं कंदील वर करून आत बघितलं. मोकळी खाट. खाली बूट.

"कुणाच्या आवाजात बोलवलं?"

रंगनाथनं मान खाली घातली.

मला उठवलं, आणखी दोन-चार घरं उठवली. आमी कंदील घेऊन यार्ड पालथं घातलं. नागनाथ सापडला उजाडता उजाडता. शेडाच्या पलीकडं एक मोडकं इंजिन पडून होतं, कित्येक महिने त्यात विस्तव पडला नव्हता. त्याच्यात ड्रायव्हरच्या जागेवर ताठ बसलेला. पेटी पायापाशी, नीट ठेवलेली. हात दांड्यावर. नजर पुढं, लाइनीवर. मी त्याच्या खांद्याला हात लावला, आणि तोल सावरायला दुसरा हात इंजिनाला लावला. तुमी विश्वास ठेवा का ठेवू नका. त्याच्या अंगापेक्षा मला ते लोखंड गरम लागलं.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. असेल. पण नागनाथ ड्यूटीवर गेला होता. कुठल्या गाडीवर आणि कुणाच्या, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. पंचफुलाला तार गेली. तिला पुढच्याच आठवड्यात मुलगा झाला, आणि रंगनाथनं काही त्याचं नाव ठेवलं नाही.

रंगनाथ आधी आपलं शिकलेलंच सांगत सुटला. झोपेच्या उंबऱ्यावर माणसाला कुणीतरी नावानं बोलावल्यासारखं होतं, हे शास्त्रात आहे. मला डुलकी लागली असेल. मी त्याला एवढंच म्हणालो, बाबा रे, तुला पडलं असेल स्वप्न, पण ओ तर नागनाथनं दिली ना? दोघांना एकच स्वप्न पडतं होय? मग त्यानं ते काम बंदच केलं. थर्मामीटर औरंगाबादला पाठवून तपासून घेतली. दोन्ही चांगली होती.

आश्रुबा तर पार खचला. कुणी विचारलं तर म्हणायचा, भूत मी आजबी मानत न्हाई, पण माझा आवाज कुणी नेला तेवढं सांगा. क्वार्टरांत परत तीन हाका सुरू झाल्या. आणि आता तर त्याच्या तीन हाका झाल्या तरी बायका नवऱ्यांना लवकर दार उघडू देईनात. आधी खिडकीतून कंदील बघायच्या, मग त्याचे पाय बघायच्या. ज्यानं जन्मभर लोकांना उठवलं, त्याच्या आवाजाला लोक भ्यायला लागले. भल्या माणसाचं ह्याहून वाईट काय व्हायचं राहतं?

एका दुपारी जेवताना त्यानं बायकोला आणि पोराला समोर बसवलं.

"मी कवा रातचं घरी आलो, तर तीनदा ठोकीन. तीनदा बोलवीन," तो म्हणाला. "तीन न्हाई झाल्या तर तो मी न्हाई. आवाज माझा असला तरी न्हाई. दार उघडायचं न्हाई."

"न्हाई उघडणार," चांगुणाबाई म्हणाली.

पोरानं पण मान डोलावली.

शिवरात्रीची आदली रात. बुधवार. शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते म्हणतात, त्या वर्षी काही जायला तयार नव्हती. रंगनाथ सकाळच्या गाडीनं औरंगाबादला निघणार होता. प्रबंधाचं काय करायचं ते सरांना सांगायचं होतं, आणि काय सांगायचं ते त्यालाच मालूम नव्हतं. झोपेवर शिकणाऱ्याची झोपच उडाली होती, नागनाथ गेल्यापासून. अंथरुणात बसून होता. स्टॉपवॉच हातात, आपलं सवयीनं. आई खाली जमिनीवर पडलेली, पण तीही जागी. बाप ड्यूटीवर.

वात बारीक होती.

बाहेर काही वाजत नव्हतं.

...

ठक्.

"रंगनाथ..."

बापाचा आवाज. नेहमीपेक्षा बारीक. दमल्यासारखा.

रंगनाथचा अंगठा आपोआप दाबला गेला. टिकटिक सुरू झाली. तो उठायला गेला. आईनं मनगट धरलं.

एक.

दोघं दाराकडं बघत बसले. आता दुसरा ठोका पडेल. आता पडेल...

पडला नाही.

बाहेरून दाराला काहीतरी घासलं. हलकंच. वरून खालपर्यंत. मग तेही थांबलं.

रंगनाथनं तोंड उघडलं, 'बाबा' म्हणायला. आईनं तोंडावर हात दाबला. त्या पावसाळ्यात कडब्याआड दाबला होता तसाच.

टिकटिक... टिकटिक...

दुसरी हाक नाही.

तिसरी नाही.

"त्यो न्हाई," आई त्याच्या कानाशी म्हणाली. "तुझा बा न्हाई त्यो."

तसेच बसून राहिले दोघं. मनगट तिनं सोडलं नाही, आणि त्यानं सोडवून घेतलं नाही. त्याच्या जिवाला डाचणारं हे दुसरं, आणि हे मला सांगताना तो रडला.

शेडाचा भोंगा झाला. चिमण्या बोलायला लागल्या. फटीतून उजेड आला, तेव्हा कुठं रंगनाथ उठला आणि कडी काढली. कडी काढल्याबरोबर दार आपोआप आत आलं. वजनानं. आश्रुबा बाहेरून दाराला पाठ टेकून बसलेला होता, तो मागं पडला, पोराच्या पायांवर. अंग गार. कंदील उंबऱ्यापाशी अजून जळत होता. काठी मांडीवर.

म्हणून म्हटलं बाबा, दाराला टेकू नको.

चांगुणाबाई ओरडली नाही. मी धावत गेलो तेव्हा ती नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याचा मफलर नीट करायली होती. मागोमाग शेडातला बाबू आला. रात्री आश्रुबाच्या छातीत कळ आली होती म्हणाला. बाबू संगं माणूस देत होता, तर आश्रुबा नको म्हणाला, घर जवळ आहे, पोरगं घरी आहे, ते नेईल दवाखान्यात. आणि चालत निघाला. कंदील घेऊन, काठी टेकत.

डॉक्टरांनी बघितलं. रंगनाथनं त्यांना एकच विचारलं, दार उघडलं असतं तर? डॉक्टरांनी आधी पोराच्या तोंडाकडं बघितलं, मग आईच्या, आणि म्हणाले, काही उपयोग नव्हता, बसल्या जागीच गेले असणार. डॉक्टर भले माणूस होते.

मयत आत घ्यायला आमी दार पुरतं उघडून भिंतीला लावलं. बाहेरची बाजू उजेडात आली. ते गुळगुळीत दार, ज्याच्यावर कधी कुणी ठोकलं नव्हतं. हिरवा रंग उडून आतलं पिवळं लाकूड उघडं पडलेलं. शेंबीच्या खळ्या. ताज्या.

तीन.

रंगनाथ बघत उभा राहिला. मग कुजबुजला, लहानपणी बाप झोपलेला असताना बोलायचा तसा. "आई, तू किती ऐकल्या?"

"येक."

"मी पण एकच."

त्यानं प्रबंध पुरा केला, उशिरा का होईना. नांदेडला नोकरी लागली, आईला घेऊन गेला. जायच्या दिवशी फलाटावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, आमच्या शास्त्रात एक गोष्ट पक्की आहे. बसल्या बसल्या माणसाला क्षणभर झोप लागली, तर त्याला कळतच नाही आपण झोपलो होतो. तो शपथेवर सांगतो, मी जागा होतो." मग परत म्हणाला, "मी जागा होतो, काका."

मी म्हणालो, होतास रे. आणि तुझी आई पण होती. दोघांना एकदम लागेल का झोप, तीही अशा रात्री, कान दाराला लावून बसलेल्यांना? गाडी हलली.

रुंद लाइनीचं काम निघालं तशी ती जुनी क्वार्टरं पाडली. दारं-खिडक्या लिलावात काढल्या. बाकी सगळं गेलं, ते दार कुणी घेईना. सरपणात जाऊ द्यायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून मी आणलं. हे काय, मघाशी तू टेकला होतास तेच. दोनदा रंग दिलाय त्याला. परवा रंगनाथ पेढे घेऊन आला तेव्हा आत यायच्या आधी बराच वेळ बाहेरच उभा होता. दारावरून बोटं फिरल्याचा आवाज मला आत ऐकू येत होता. मी गप बसलो. त्यानं तीन हाका मारल्या, थांबून थांबून, मग मी ओ दिली.

आली बघ लाइट. पंप त्या कोपऱ्यात आहे, घे, आणि उद्या आणून दे नाहीतर कान उपटीन. जाताना बाहेरून दार ओढून घे, आणि जरा हात फिरवून बघ. रंगाऱ्यानं खळ्यांमध्ये लांबी, म्हणजे पुट्टी, भरली होती, थंडीत गळून पडली. तीन आहेत. आणि त्या दोघांनी एकच ऐकली.